मिरची नाकानं भाजायची

"आता वळख बघू, कसला वास आला?" सासूबाईंनी विचारलं.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही दोघी शेगडीशी बसलो होतो. निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर देवगाव रंगारीहून सासूबाईंच्या भावानं, सखाराममामांनी पाठवलेली हिरवी मिरची आणि माझ्या डोळ्यांना घळाघळा पाणी.

"ओल्या गवतासारखा," मी म्हणाले.

"मंग कच्ची हाय अजून. ऱ्हाऊ दे."

त्यांनी चिमट्यानं मिरच्या उलटल्या. सालीवर फोड उठत होते. एक मिरची फट्‌कन फुटली. "आता?"

"आता गोडसर. भाजलेल्या कणसासारखा."

"मंग बघत काय बसलीस? काढ की!"

मी घाईनं मिरच्या काढल्या. सासूबाईंनी त्यातली एक बोटांनी दाबून पाहिली आणि झाकणाच्या डब्यात टाकली. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे ती शाबासकीच होती. खरं सांगते, मला आभाळ ठेंगणं झालं.

कारण लग्नाला सात वर्षं झाली तरी मिरचीच्या दिवसांत माझं काम एवढंच होतं: खिडक्या लावणं आणि पातेली वर-खाली करणं. जवळ जाऊन बसले की, "तुजं काम नाय ते," असं ऐकायला मिळायचं. यंदा मात्र त्यांनी आपणहून हाक मारली, "तनुजा, ये. बस इथं माज्याजवळ." पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर माझ्या शेजारी बसणारी सुरेखा म्हणाली होती, "सासू शिकवायला लागली म्हणजे किल्ल्या कमरेला आल्याच समज."

माझ्या सासूबाई म्हणजे सारजाबाई. नवरा गेला तेव्हा कडेवरच्या इंद्रजीतला घेऊन त्या देवगावहून शहरात आल्या आणि मुलींच्या एका वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागल्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्या स्वयंपाकघरात त्यांच्या शब्दाबाहेर डावही हलत नव्हता. तिथल्या मुली आता कुणी तलाठी आहेत, कुणी शिक्षिका, कुणी नुसत्याच दोन लेकरांच्या आया. पण दसरा झाला की त्यांचे फोन सुरू होतात, "मावशी, मिरची झाली का?" मग एका रविवारी त्या येतात आणि आमच्या फ्रीझरमधून भाजलेल्या मिरचीच्या पिशव्या घेऊन जातात. भाकरीबरोबर मीठ लावून खा, दाण्यांबरोबर रगडा, पिठल्यात टाका, वर्षभर चालते. बदल्यात सासूबाईंना काही नको असतं. कौतुक मात्र पुरेपूर लागतं.

त्यांची पद्धत ठरलेली. पावसाळ्यातली मिरची पाणचट, म्हणून दसऱ्यानंतरची घ्यायची. भाजून गरमच डब्यात कोंडायची, म्हणजे वाफेनं साल सुटते. साल हातानंच काढायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही. मीठ लावून पूर्ण गार होऊ द्यायची. गरम भरली की पिशवीत बर्फाचा गड्डा होतो. मग पिशव्या भरायच्या, आणि गाठ मारण्याआधी प्रत्येक पिशवी नाकाशी नेऊन एकदा हुंगायची. मला हसू यायचं. कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "मिरची डोळ्यानं नाय, नाकानं भाजायची. डोळे फसवत्यात."

तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्धं पोतं झालं. मी प्रत्येक जाळीचा वास ओळखला आणि स्वतःवर फार खूश होते.

खाली घरात मात्र विशूनं सकाळपासून तोंडात घास घेतला नव्हता. विशाखा म्हणजे आमची लेक, चार वर्षांची. आदल्या दिवशी खुलताबादला एका बारशाला नेली होती. जरीचा परकर, दोन वेण्या, आणि आलेली प्रत्येक बाई गाल ओढून कौतुक करत होती. आता अंग किंचित गरम, आणि नुसती किरकिर.

"नजर हाय," सासूबाईंनी निकाल दिला. "दवाखान्यात सकाळी जा. आधी मी उतरून टाकते."

गच्चीवरची शेगडी त्यांनी निखाऱ्यांसकट दारात आणवली. मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन विशूवरून उतरल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." असं पुटपुटत त्या शेगडीच्या पलीकडे, जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली. मोहरी तडतडली. जिन्यातून वारा आत येत होता, त्यामुळे सगळा धूर घरात शिरला.

ज्यांच्या घरी दृष्ट काढतात त्यांना माहीत असतं. मिरचीचा खाट सुटला तर काही नव्हतं. इतक्या मिरच्या जळूनही वास आला नाही, तर नजर जबरदस्त.

सासूबाई निखाऱ्यांकडे बघत होत्या. चेहरा उतरला होता. "बगा," त्या म्हणाल्या, "जराबी वास नाय! केवडी नजर लागली व्हती माज्या लेकराला!"

मी पदरात तोंड खुपसून खोकत होते. विशू शिंकत होती. इंद्रजीत टॉवेल तोंडाला लावून बाहेर आला. "आई, काय म्हणालीस?"

"म्हनलं, वास नाय. परत उतरावं लागंल."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि मेहरुन्निसाभाभी ओढणी नाकावर धरून ओरडल्या, "क्या जलारे जी सारजाबाई? मेरे घर में सब खांस खांस के बेहाल होरे!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग इंद्रजीतकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मला एका क्षणात सगळं कळलं. गच्चीवर "कसला वास आला?" असं त्या का विचारत होत्या, तेही कळलं.

"कधीपासून?" दार लावल्यावर इंद्रजीतनं विचारलं.

"उन्हाळ्यात सर्दी झाली व्हती ना, तवापासून. ठसका लागतो घशाला. वास नाय येत. घाटी दवाखान्यात दावून आले. डाक्टर म्हनला, आला तर येईल."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगून? तू काय तुजं नाक देनार व्हतास?"

इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे, मशीनवर. कुठलीही गोष्ट घडली की त्याआधी काय काय बिघडलं होतं ते तो जुळवत बसतो. दूध करपून पातेलं काळं झालं होतं, ते त्याला आठवलं. आणि मागच्या आठवड्यात ड्यूटीवरून आला तेव्हा गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं, तेही आठवलं. त्या बटणाबद्दल बोलणी मी खाल्ली होती. आता मात्र तो माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"उद्यापासून ओट्याजवळ यायचं नाही. चहासुद्धा करायचा नाही. बास झालं आयुष्यभर राबणं. बस आता." बोलता बोलता त्यानं ओट्यावरचा लाइटर उचलून खिशात घातला.

मला वाटलं, आता सासूबाई त्याला फाडून खातील. वसतिगृहाच्या रेक्टरचंही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण त्या विशूला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिल्या. मिरची सोलून बोटं लाल झाली होती. त्यांना असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

पण मलाही राग होताच. खोटं कशाला बोलू, नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. इंद्रजीत विशूला झोपवायला गेला तेव्हा मी विचारलंच, "म्हणजे आई, तुम्ही मला शिकवत नव्हता. माझं नाक वापरत होता."

त्यांनी मान वर केली. "व्हय."

"मी आपली वेड्यासारखी खूश होते."

"मी बी व्हते," त्या म्हणाल्या. "नाक व्हतं तवा तुला जवळ येऊ दिलं नाय. वाटायचं, हिला आलं तर मंग माजं काय ऱ्हाईल. आता नाक गेलं तवा कळलं, तुला आलं नाय तर माजं कायच ऱ्हात नाय."

मी त्यांच्या बोटांना खोबरेल लावून दिलं.

सकाळी इंद्रजीत पहिल्या पाळीला गेला, लाइटरसकट. विशूचा ताप उतरला होता आणि ती भिंतीला टेकून बिस्कीट खात होती. दृष्ट काढल्यानं उतरला की रात्री दिलेल्या औषधानं, यावर वाद घालायला कुणाला वेळ नव्हता, कारण गच्चीवर अर्धं पोतं मिरची पडून होती. आणखी दिवस गेला असता तर ती मऊ पडली असती. आणि रविवारी मुली येणार होत्या.

सासूबाई गच्चीचं नावही काढत नव्हत्या. म्हणाल्या, "मेहरुनला दे. ती भाजंल."

"आणि मुलींना काय सांगायचं? मावशीनं ओटा सोडला?"

त्या विशूचं तोंड पुसायला लागल्या.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. लाइटर वाळूजला गेला तरी देव्हाऱ्यात काडेपेटी होतीच. मी लॅबला फोन करून माझं नाक चोंदलंय म्हणून कळवलं आणि शेगडी पेटवली. विशूला मेहरुन्निसाभाभींकडे सोडलं. भाभी म्हणाल्या, "मेरी भी थैलीभर मिरच्यां भून देना, तो ही संभालूंगी." त्यांची पिशवी घेऊन मी वर आले, तर सासूबाई पदर खोचून शेगडीशी बसलेल्याच होत्या. चिमटा हातात.

पहिली जाळी घातली. मिरच्यांना फोड आले. एक फुटली, दुसरी फुटली. सासूबाईंनी कान दिला आणि म्हणाल्या, "काढते."

"थांबा," मी म्हणाले.

सारजाबाईंना 'थांबा' म्हणणारं माणूस आजवर जन्माला आलं नव्हतं. त्यांचा चिमटा हवेतच राहिला.

"कामून थांबू? फुटायलीत की."

"फुटल्या असतील. वास अजून गवताचा आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी चिमटा मांडीवर ठेवला. निखारे धगधगत होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि त्या माझ्या नाकाकडे बघत बसल्या होत्या. हसू आवरून मी वास घेत राहिले. गवत गेलं. मग काहीच नाही, नुसता तिखट धूर. आणि मग ते कणीस.

"आता!"

त्यांचा हात विजेसारखा चालला. माझ्यानं तसं सात जन्मांत झालं नसतं. जाळी रिकामी झाल्यावर त्यांनी एक मिरची सोलली. साल एका ओढीत निघून आली. आत हिरवागार, मऊ गर होता, कुठं डाग नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढची जाळी त्यांनी मला न विचारता घातली, पण काढताना विचारलं. दुपारी ऊन तापेपर्यंत आम्ही दोघींनी पोतं संपवलं. मधे एकदा मी चुकले आणि एक जाळी करपली. तेव्हा मात्र जे ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. करपलेल्या मिरच्या त्यांनी वेगळ्या काढून ठेवल्या. भाभींच्या पिशवीत टाकायची माझी सूचना त्यांना आवडली नाही.

संध्याकाळी गार झालेली मिरची घेऊन आम्ही ओट्याशी पिशव्या भरत होतो. इंद्रजीत आला आणि दारातच थांबला. शेगडीची राख, डबे, सालींचा ढीग, त्याला सांगायला काही उरलंच नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हातातल्या पिशवीतून एक पांढरी डबी काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला. गॅस गळला की ती डबी ओरडते म्हणे. स्टूल ओढून आणून त्यानं ती सिलेंडरच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला बसवली. स्टूल कशाला घेतलं होतं ते त्यालाही ठाऊक नसावं.

सासूबाई त्याची गंमत बघत होत्या. "म्हंजे माजं नाक भिताडाला ठोकलंस म्हन की."

तो हसला. कालपासून पहिल्यांदाच. "रात्री रेग्युलेटर तनुजा बंद करेल. आणि घरात कुणी नसताना गॅस पेटवायचा नाही. कबूल?"

"कबूल. आता हात धू आन् बस. भाकरी टाकते."

त्यानं खिशातून लाइटर काढला, क्षणभर हातात धरला आणि ओट्यावर त्याच्या जागी ठेवून दिला.

एक पिशवी भरायची राहिली होती. सासूबाईंनी ती भरली, तळहातानं दाबून सपाट केली, हवा काढली आणि आयुष्यभराच्या सवयीनं नाकाशी नेली. तिथं हात थांबला. त्यांनी डोळे मिटले होते, आणि मला दिसत होतं की त्या खरोखरच शोधत होत्या.

मग डोळे उघडून त्यांनी पिशवी माझ्या नाकाशी धरली. मी वास घेतला आणि मान हलवली. त्यांनी गाठ मारली.