नवऱ्याचा जुळा

रोसेंदाचं डोकं सकाळीच फिरलं. बाळाच्या झोळीवरच्या तुळईला अजगर वेटोळं घालून पडला होता आणि सासू खाली उभी राहून त्याला विचारत होती, "झोप लागली का रे बाबा?"

लेयते बेटावर छपरात अजगर निघण्याचं कुणाला अप्रूप नाही. पण हा पडला घरचा. क्रिसांतो जन्मला त्या दिवशी सुइणीला बाळंतिणीच्या चटईखाली सापाचं पिल्लू सापडलं आणि गावाने दोघांना जुळे ठरवून टाकलं. एकाला लागलं की दुसऱ्याला दुखणार. पुढे क्रिसांतोने रोसेंदाशी लग्न केलं आणि मालवाहू जहाजावर निघून गेला. जुळा मात्र राहिला. त्याच्यासाठी सासू, नानाय बिबिंग, रोज अंडं ठेवायची, ते उंदीर पळवायचे आणि उंदरांना तो खायचा. सुनेच्या ताटात सुकी मासळी.

"नानाय, परवा त्याने शेजारचं बदक गिळलं. उद्या माझं पोर गिळेल."

"सख्खा काका आहे तो, इंदाय पोरी. काका कधी पुतण्याला खातो का?"

कपाळ काकाचं! नवऱ्याला सांगावं तर तो म्हणायचा, "आईला कशाला दुखवतेस, राहू दे ना." याचं काय जातंय, हा बसलाय समुद्रावर.

आज मात्र रोसेंदाने कुणाला विचारलं नाही. शेजारच्या मानो एदोंगला पोतं घेऊन बोलावलं. त्याने फांदीच्या बेचक्यात मान धरली, घामाघूम होत जनावर पोत्यात कोंबलं आणि तोंड बांधायला दोरी काढली. नदीपलीकडच्या रानात सोडायचं ठरलं.

नानाय पायरीवर बसली होती. "घट्ट बांधू नकोस रे. माझ्या क्रिसांतोचा जीव घुसमटेल."

"चांगलं करकचून बांधा, मानो," रोसेंदा म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. क्रिसांतो या वेळी कधी करत नसे.

"काही नाही गं, सहज केला. मघापासून छातीवर दाब आल्यासारखं वाटतंय. इंजिनाजवळ उकाडा फार आहे, त्यानेच असेल."

"मग पाणी पी. सावलीत बस. हे मी सांगायला हवं का तुला?" ती खेकसली. उकाड्याने होतं असं, तिला पक्कं ठाऊक होतं. शाळा शिकलेली होती ती. समोर पोतं वरखाली होत होतं. तिला सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या सुइणीचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

तिने फोनवर हात ठेवला. "मानो, गाठ सैल करा जरा."

"आता सुटला तर मी नाही धरणार हं."

"करा म्हणते ना!"

नानायने मान खाली घातली. एदोंगने पुटपुटत दोरी ढिली केली. रोसेंदाने झोळीतलं बाळ उचलून कडेवर घट्ट धरलं आणि फोन कानाला लावला.

"आता बरं वाटतंय का?" तिने विचारलं, आणि त्याचं उत्तर यायच्या आतच तिला रडू फुटलं.