वीस पुठ्ठे

पुठ्ठा हलू नये म्हणून उकंडाने त्यावर जिनिंगच्या काट्याचं दोन किलोचं वजन ठेवलं आणि आपल्या पोरीचे मार्क मोजायला घेतले.

डॉक्टरकीच्या परीक्षेचे सराव-पेपर तपासायला डॉक्टर लागत नाही, हे त्याला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. पोरांनी उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायचे. बरोबर उत्तराच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा वर ठेवायचा. भोकातून काळं दिसलं तर मार्क, पांढरं दिसलं तर नाही. उकंडाला मोजता येत होतं, तेवढं पुरत होतं.

"एकशे एक्क्याण्णव!" तो म्हणाला. त्याने पुन्हा मोजले. "पयली. पुन्हा पयली!"

"दोनदा मोजल्यानं वाढत नाही ते, बाबा," दारात अंबाडीची भाजी निवडत बसलेली प्रियंका म्हणाली. तिने मान वर केली नाही.

क्लास म्हणजे हरिसिंग शेठचं जुनं जिनिंग. कापसाचा भाव असा पडला की शेठने एका दिवाळीनंतर गाठी मोजणं सोडून बारावी पास पोरं मोजली. कापूस दरसाल कमी येत होता, पोरं दरसाल जास्त. शिवाय पोरं पावसात भिजली तरी त्यांचा भाव उतरत नव्हता. गाठींच्या जागी बाकं आली, शेठचे सर झाले. आढ्याला वीस वर्षांचा कापूस चिकटून होता. पंखे लावले की तो हळूहळू खाली उतरायचा आणि तास संपेपर्यंत अख्खी बॅच म्हातारी दिसायची. अकरा हमालांपैकी सरांनी एकालाच ठेवलं. उकंडा बाकं पुसायचा, घंटा द्यायचा आणि रविवारी उद्याचे डॉक्टर तपासायचा.

पहिल्याच वर्षी सरांनी कुठूनतरी वीस पेपर आणले आणि त्यांचे वीस पुठ्ठे कापून घेतले. पुठ्ठे मजबूत निघाले, त्यामुळे पेपर बदलायची वेळच आली नाही. दरसाल पोरं नवी, म्हणून पेपरही नवेच. जे नापास होऊन परत यायचे, त्यांना भरघोस मार्क पडायचे. सर त्यांच्या बापांना सांगायचे, "बघा, आपल्याकडे दुसऱ्या वर्षी पोरगा कसा चमकतो!"

प्रियंका बारावीत असताना उकंडाने रद्दीतून हे वीसही पेपर घरी आणले होते. कोपरे झिजेपर्यंत तिने ते सोडवले. बारावीनंतर सरांनी घरच्या माणसाची पोरगी म्हणून तिला फुकट बॅचमध्ये बसवलं. पहिल्याच रविवारी ती घरी आली ती रडवेली होऊन.

"बाबा, हे तर आपल्या घरचेच पेपर हायत."

"मंग? चांगलंच झालं ना."

"सीईटीत हे नाही येणार."

"कायले नाही येणार? तिकडं मुंबईले बी कोणी उकंडा असनच. त्याच्यापाशी बी वीस पुठ्ठे असतीन. किती नवे कापन तो?"

प्रियंकाने पेपरची घडी घालून फळीवर ठेवली, आणि घडी घातली म्हणजे पटलं, असं उकंडाने धरलं.

मग फ्लेक्स लागला. त्यावर प्रियंकाच्या गळ्यात कॉम्प्युटरने स्टेथोस्कोप घातला होता. एक फ्लेक्स त्यांच्या गावी, बोरी अरबला लागला. बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर तिकडे गेली तर तीन बायांनी जीभ बाहेर काढून दाखवली आणि एकाने लंगडणारा बैल आणला. उकंडाला हे सांगताना तिची आई मथुराबाई हसली. प्रियंका हसली नाही.

सप्टेंबरात पत्र आलं. प्रियंकाने सरकारी नर्सिंगचा अर्ज भरला होता, तिचा नंबर लागला होता. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं.

"मले जायचं हाय," ती म्हणाली.

"पयली येणारी पोट्टी सिस्टर होते का कुठं?"

"मी पयली नाही हो, बाबा. पेपर जुने हायत म्हणून पयली दिसून राह्यली."

"जाऊ द्या ना तिले," मथुराबाई म्हणाली. "पांढरे कपडे तर तिथं बी घालतेच."

उकंडा सरांना विचारायला गेला. सर नव्या फ्लेक्सचा फोटो निवडत होते. "उकंडा," ते म्हणाले, "टॉपरच नर्सिंगला गेली तर क्लासची काय इज्जत राहील? सांग तूच."

उकंडाने बावीस वर्षं या माणसाच्या गाठी पाठीवर वाहिल्या होत्या. त्याची इज्जत आपल्या घरात येऊन बसलीय, असं पहिल्यांदाच घडत होतं. तो परत येताना जरा ताठ चालला. पत्र घरातल्या कपड्यांच्या पेटीत गेलं. नवव्या दिवशी रविवार होता. अकरावा पुठ्ठा. प्रियंका पहिली.

मे महिन्यात सीईटी झाली. सेंटरच्या फाटकाबाहेर उकंडा थंड पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"कसा गेला?"

"नवा होता," प्रियंका म्हणाली आणि अख्खी बाटली प्यायली.

जूनमध्ये निकाल लागला. दोनशेपैकी चौऱ्याऐंशी.

"पुठ्ठा सरकला असन," उकंडा म्हणाला. एकदा त्याच्याच हातून पुठ्ठा एक ओळ खाली बसला होता, तेव्हा साठच्या साठ पोरं एका दिवसात मठ्ठ झाली होती. तो सरांकडे गेला. "सर, तिचा कागद बोलावून घ्या. मी नीट वजन ठेवून मोजतो."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तिकडे मशीन तपासते रे. माणूस नसतो."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

सरांनी मग मोठ्या मनाने तोड काढली. फ्लेक्स तर गावोगाव लागलेले. तेव्हा प्रियंकाला नव्या बॅचची बायोची मॅडम करू. वीस टेस्टमध्ये वीस वेळा पहिली. यात खोटं काय आहे?

उकंडाला वाटलं, पोरगी आता तरी भांडेल. ती म्हणाली, "वीस पेपर पाठ हायत मले. तेवढंच तं शिकवायचं हाय." आणि साडीला पिन लावायला आईला हाक मारली.

सप्टेंबरात उकंडाने पेटी उघडली, पत्र काढलं आणि कोणाला न सांगता नर्सिंग स्कूल गाठलं. खिडकीतल्या बाबूने पत्र उलटसुलट पाहिलं.

"काका, हे मागच्या वर्षीचं आहे. ही जागा तेव्हाच भरली. यादीतली पुढची मुलगी आली."

"साहेब, तारीख जुनी झाली. पोरगी तेच हाय."

"मग यंदा अर्ज का नाही भरला तिनं?"

"टाइम नाही तिले. शिकवते ते."

"काय शिकवते?"

"डॉक्टर कसं व्हाचं ते."

बाबूने पेन खाली ठेवलं. त्याने पत्राची नीट घडी घातली, परत दिली आणि स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणून दिला.

बाहेर होस्टेलसमोर गाद्यांचा टेम्पो उभा होता. "ओ काका," ड्रायव्हर ओरडला, "रिकामे उभे हा तं हात लावा ना जरा!" दारावर पाटी होती, पुरुषांना आत येण्यास सक्त मनाई. पण पाठीवर गादी असलेल्या माणसाला ती कोणी दाखवली नाही. उकंडा वाकून आत गेला. लांब खोली, रांगेत लोखंडी खाटा, प्रत्येकीला नंबर.

"टाका कुठंही," वॉर्डनबाई म्हणाल्या. "पोरी सोमवारी येतील."

उकंडाने खिडकीजवळची खाट निवडली. गादीत एका बाजूला कापसाचा गोळा झाला होता. त्याने तो तळव्याने दाबून दाबून सारखा केला. मग खिडकीकडे बघून उजेडाचा अंदाज घेतला, आणि वाचताना तो पाठीमागून यावा म्हणून खाटेवरची उशी त्या बाजूला ठेवली.

टेम्पोत अजून चौदा गाद्या होत्या.