उलटा बाण

मुलीनं बोर्डापर्यंतचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता, वर तोंडीही बजावलं होतं. "बाबा, वाचनालयाच्या कोपऱ्यावर बोर्ड आहे. बाण दाखवेल तिकडे जायचं. आज गेला नाहीत, तर संध्याकाळी आईला मी माझ्याकडे घेऊन जाते." आई स्वयंपाकघरात होती आणि काहीच बोलत नव्हती. तीस वर्षं बोलून झालं होतं बिचारीचं.

बाबा म्हणजे पेंटर; धंदा बोर्ड रंगवायचा. निम्म्या बाजारावर त्याचं अक्षर होतं आणि त्यातलं बरंचसं त्यानं शुद्धीत काढलं होतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं म्हणून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि तोंड लपवायला टोपी. ओळखीचं कुणी दिसलं की तो उगाच एखाद्या दुकानाची पाटी निरखत उभा राही. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला.

कोपऱ्यावरच्या बोर्डापाशी मात्र तो थबकला. 'दारू सोडायची आहे? दर रविवारी सकाळी दहा.' खाली बाण. अक्षर त्याचंच. चार वर्षांपूर्वी एक मास्तर हे काम देऊन गेले होते, आणि दारू सोडायचा हा बोर्ड त्यानं चांगली टाकून रंगवला होता. आपलीच आपल्याला लाज वाटून तो बाणाच्या दिशेनं घाईघाईनं निघाला.

गल्ली एका गोदामाच्या गेटापाशी संपली. गेटाला कुलूप, कुलपावर गंज. पेंटर त्या कुलपाकडे बघत राहिला आणि मग त्याला सगळं नको तितकं स्पष्ट आठवलं. मास्तरांच्या चिठ्ठीत 'बाण डावीकडे' असं होतं. अक्षरं तो हातानं काढायचा, बाणासाठी मात्र पत्र्याचं स्टेन्सिल होतं. ते त्यानं उलटं ठेवलं होतं. धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात ती गोष्ट.

आणि खोटं कशाला बोला, त्याला आधी हायसं वाटलं. जागा सापडलीच नाही, असं आता घरी छातीठोकपणे सांगता येणार होतं.

तो वळला, तेव्हा भिंतीशी एक बाई दिसली. साधी, नीटनेटकी, खांद्याला ऑफिसची पर्स. ती गेटाकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. हे सोंग पेंटरच्या चांगलंच ओळखीचं होतं. ती परत निघाली, तसं त्याच्यानं राहवेना.

"ताई, ते... मीटिंग पलीकडच्या बाजूला आहे. बोर्डापासून डावीकडे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं कुणाला तरी," पेंटर म्हणाला.

डावीकडे शाळेची एक खोली होती. सात-आठ माणसं मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसली होती. मास्तरांनी त्याला ओळखलं नाही. दोघांना बसवून, कसे आलात ते विचारून ते म्हणाले, "चार वर्षांत बोर्ड बघून आलेले तुम्ही पहिलेच. आम्ही सगळे एकमेकांचं बोट धरून आलेलो, बोर्डाकडे बघतो कोण! आम्हाला वाटायचं, लोकांना लाज वाटते."

"मी तिसऱ्यांदा आले," बाई म्हणाली. "दोनदा त्या गेटावरून परत गेले. वाटलं, बंद पडली असेल मीटिंग. विचारणार तरी कुणाला, आणि काय म्हणून? दुसऱ्यांदा परत गेले, त्याच आठवड्यात नवरा मुलाला घेऊन वेगळा राहायला गेला."

धरणीनं पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात ते का, हे पेंटरला त्या छोट्या बाकावर कळलं. असे किती जण त्या कुलपापर्यंत येऊन गेले असतील?

"तुम्ही आज नुसतं ऐकलंत तरी चालेल," मास्तर त्याला म्हणाले. "पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही."

सुटका आयती चालून आली होती. पेंटर तरीही उठला. गुडघे बाकाच्या फळीवर आपटले.

"तो बोर्ड मी रंगवलाय," तो म्हणाला. "पिऊन. बाण उलटा आहे."

बाई त्याच्याकडे वळली. "मघाशी म्हणालात, कुणाला तरी विचारलं."

"खोटं बोललो."

तिच्या नजरेत माफी वगैरे काही नव्हतं, आणि ती मागायची त्याची छातीही नव्हती.

"मग इथे बसून काय करताय?" ती म्हणाली. "आधी तो नीट करून या."

त्यानं फळ्यापाशी पडलेला खडू घेतला, कोपऱ्यातलं स्टूल काखेत मारलं आणि बाहेर पडला. रविवारची सकाळ, रस्ता माणसांनी भरलेला. टोपी डोळ्यांवर येऊ लागली म्हणून त्यानं ती काढून खिशात कोंबली. स्टुलावर चढून घराच्या किल्लीनं जुना बाण खरवडला आणि खडूनं नवा काढायला घेतला. खरवडलेल्या जागेवर सरळ रेघ काही येईना.

समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच दारात आला. त्याच्या दुकानाची पाटीही पेंटरचीच. "काय पेंटर, आज खडूनं? कुणाचा बोर्ड आहे?"

गिऱ्हाइकाचा, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"बेवड्यांचा," पेंटर म्हणाला. "आमचा." आणि त्यानं बाणाचं टोक डावीकडे काढलं.