दाराजवळची खुर्ची

बसा, बसा. संकोच करू नका. आजवर माझ्यावर बसून माणसंच बोलली. आज मी खुर्ची बोलतेय, तेव्हा थोडं ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. दिसायला मी बेताची, हात मात्र रुंद आणि गुळगुळीत. सुतार त्यांच्यावर कितीतरी वेळ पॉलिश पेपर घासत बसला होता. त्याची बायको म्हणाली, "अहो, बसायची खुर्ची आहे ती. लग्नाला उभी नाही करायची."

"माणूस घाबरला की आधी खुर्चीचे हात धरतो गं," तो म्हणाला.

पुढे मी एका दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत होते. सुताराचं म्हणणं तिथे मला रोज पटायचं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथून मला बाईंनी उचललं.

बाई विद्यापीठात शिकवायच्या. घरात, कामावर, रस्त्यात बायकांवर उगारला जाणारा हात कसा थांबवायचा, आणि जिला सोसावं लागलं तिला आधार कसा द्यायचा, हा त्यांचा विषय. दुकानात त्यांनी माझे हात चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "हीच द्या." इतक्या सामानातून कोणी आपल्यालाच निवडलं की जीव जडतो. माझा जडला.

वर्गात त्यांनी मला दाराला लागून ठेवलं. "ही बोलणाऱ्याची जागा," त्या मुलांना सांगायच्या. "तिच्या आणि दाराच्या मध्ये आपण कधीही बसायचं नाही. वाटलं तर उठून जाता येईल, एवढं तिला दिसत राहिलं पाहिजे." दारसुद्धा कायम किलकिलं.

आणखी एक नियम होता. ऐकणाऱ्याने 'पण' म्हणायचं नाही. 'वाईट झालं, पण', 'माझा विश्वास आहे, पण', असलं काही चालायचं नाही. कोणाच्या तोंडून तो शब्द निसटला, की बाकीच्यांनी बोटं मुडपून बाक वाजवायचा, ठक! वर्गात एका मुलाला वाद घालायची भारी हौस, त्याला सगळे वकील म्हणत. त्याच्यापायी बाक झिजायची वेळ आली होती.

"मी ऐकतोय हो, पण—"

ठक!

"अरे, वाक्य तरी पुरं—"

ठक!

"आता कुठे म्हणालो मी?"

"म्हणणार होतास!"

सगळी खोली हसायची. बाईसुद्धा.

सरावाच्या तासाला एक जण माझ्यावर बसून मनाने रचलेली हकीकत सांगे आणि दुसरा ऐके. वर्गातल्या एका मुलीचा आवाज इतका बारीक, की तिचं नाव हळूबाई पडलं होतं. एका दुपारी तिचा नंबर आला.

तिने सांगितलं, कामाच्या ठिकाणचे साहेब घरी सोडतो म्हणाले. वाटेत गाडी आडबाजूला थांबवली. "मी दार ओढत राहिले. ते हसले. म्हणाले, ते तुझ्या बाजूने उघडत नाही."

तिची बोटं माझ्या हातांवर रुतली होती. दातांच्या दवाखान्यात एवढी वर्षं काढूनही मी तसली पकड अनुभवली नव्हती. ही रचलेली गोष्ट नव्हे, हे मला कळलं.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. "हळूबाई, तू नाटकातच जा!" वकील ओरडला. बाई म्हणाल्या, "छान केलंस. शेवटी आवाज जरा वर येऊ दे फक्त."

मुलं गेली. ती उठली नाही.

"बाई, ती गोष्ट रचलेली नव्हती."

बाई चटकन तिच्यासमोर खाली बसल्या. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," म्हणाल्या. अगदी शिकवायच्या तशाच. मला भरून आलं.

"ते साहेब म्हणजे... आपले भाऊ."

भाऊंच्या आधारगृहात वर्गातली सगळी मुलं काम शिकायला जात. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. ते आधारगृह भाऊंनी आणि बाईंनी मिळून उभं केलं होतं.

बाई उठल्या. त्यांनी दार लावून घेतलं. स्वतःची खुर्ची ओढली आणि बसल्या, माझ्या आणि दाराच्या बरोबर मध्ये. आपण कुठे बसलो, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"हे बघ बाळा, निर्णय सर्वस्वी तुझा. पण तिथल्या बायकांचा विचार कर. आधारगृह बंद पडलं तर त्या कुठे जातील?"

हळूबाईने हात उचलला, बोटं मुडपली आणि मूठ तशीच मांडीवर ठेवली. ती निघाली तेव्हा तिला वाट द्यायला बाईंना खुर्ची सरकवावी लागली.

तरीही तिने तक्रार केली. चौकशी समिती आमच्याच मजल्यावर बसली. तिथे खुर्च्या कमी पडल्या, म्हणून शिपाई मावशींनी मला नेऊन खिडकीकडच्या कोपऱ्यात ठेवलं. दारापर्यंत मध्ये लांबलचक टेबल आणि माणसांची रांग. हळूबाई आत आली. तिने मला ओळखलं. मग दोन्ही हातांनी उचलून, टेबलाला वळसा घालून दाराजवळ आणलं. दार किलकिलं केलं आणि बसली.

"अहो, तिथे कशाला? पुढे या की," अध्यक्ष म्हणाले.

"इथेच बसते. बाईंनी शिकवलंय."

बाई साक्षीला आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"ही तुमच्याशी त्या दिवशी काय बोलली?" अध्यक्षांनी त्यांना विचारलं.

बाई खरं तेच सांगतील, असं मला अजूनही वाटत होतं. त्यांनीच तर मला निवडलं होतं.

"मुलगी गुणी आहे," बाई म्हणाल्या, "पण आमच्याकडे सराव चालतो. ती जे बोलली ते सरावातलं होतं. वर्गाने टाळ्याही वाजवल्या."

लाकूड आतून चिरतं तेव्हा आवाज होत नाही, हे मला त्या क्षणी समजलं.

हळूबाईने बोटं मुडपली आणि माझ्या हातावर वाजवली. ठक.

अध्यक्ष गोंधळून बघू लागले. बाहेर व्हरांड्यातल्या बाकांवर तिचा वर्ग थांबला होता. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. दाराच्या फटीतून बाकावरचा आवाज आला. ठक. मग दुसरा, मग कितीतरी. आमच्या वर्गातल्या वकिलाने डोकं आत घातलं. "साहेब, टाळ्या आम्ही वाजवल्या, त्याची लाज वाटते. आमचंही ऐकून घ्या."

हा आवाज कसला, हे त्या खोलीतल्या मोठ्या माणसांपैकी एकट्या बाईंना कळलं होतं.

चौकशी अजून संपलेली नाही. भाऊंना तूर्त आधारगृहात पाऊल टाकायची मनाई आहे. मावशी सांगतात, ते बंद काही पडलं नाही, तिथल्या बायकाच चालवतात. बाईंच्या वर्गात आता बिनहातांची नवी खुर्ची आली आहे. मी व्हरांड्यात असते. हळूबाई माझ्यावर बसून डबा खाते. आवाज अजून तेवढाच बारीक आहे. आता मात्र तिला कोणी 'आवाज वर येऊ दे' म्हणत नाही, सगळे जवळ सरकून बसतात.

बाई रोज समोरून जातात, माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी शिकवलेलं सगळं खरं होतं. म्हणून तर इतकं लागतं.

तुमच्यापुढे कधी कोणी असं बोलायला बसलं, तर एवढं करा. तोंड उघडण्याआधी आपली खुर्ची कुठे आहे ते बघा.

निघताय? उठा सावकाश. दार उघडंच आहे, आणि मध्ये कोणी नाही.