पाडव्याचा पाला

भगवंतरावांच्या घरात पाडव्याचा कडुनिंब दुसऱ्या कुणी तोडायचा नाही, असा दंडकच होता. जामबागेतल्या कॉलेजात तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस! नल्लकुंट्याच्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या कुंडीत काही भलतंच उगवलं, की लोक पान घेऊन ह्यांच्या दारात हजर. पण कुणी सुटं पान खुडून आणलं तर असे खेकसायचे! "सुट्या पानाला काय नाव असतं? अख्खी डहाळी आणा. पान देठाला कसं लागलंय ते बघायचं असतं." जन्मभर दुसऱ्याला हेच सांगितलं, आणि ऐन पाडव्याला स्वतःच विसरले.

त्याचं असं झालं. अंगणातला जुना कडुनिंब दोन वर्षं शेंड्याकडून वाळत होता. संक्रांतीनंतर तो तोडावा लागला. उरला बुंधा. त्यावरची वर्तुळं मोजायला भगवंतरावांनी नातीला, सात वर्षांच्या पल्लवीला बसवलं. निंबाची वर्तुळं काही साफ उमटत नाहीत, पण पोरगी चिवट. टाचणी टोचत टोचत तिनं अठ्ठावन्न मोजली.

"आबा, बाहेरची तर एकदम बारीक आहेत. केसासारखी. एकाला एक चिकटलेली."

"म्हणजे झाड उपाशी होतं," आबा म्हणाले. "वरून हिरवं दिसत होतं आणि आतून खंगत होतं. कुणाला पत्ता नाही."

सांगितलं झोकात, पण खरं सांगू? आबांना त्यातलं एक वर्तुळ दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, तेव्हापासून ह्यांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच. बायकोला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. पेपर पल्लवीकडून वाचून घ्यायचे. वर म्हणायचे, "तुझं मराठी कच्चं आहे, मोठ्यानं वाच!" ती बिचारी अक्षर लावत वाचायची. घरच्यांना वाटे, काय हौस आहे आजोबांना!

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली आणि भगवंतराव वाटी घेऊन अंगणात गेले. बुंध्याला लागून पुरुषभर उंचीचा एक हिरवागार फोक वर आला होता. आपला निंब पुन्हा फुटला, म्हणून म्हातारा महिनाभर खुशीत होता. त्यांनी पानांची कड बोटानं चाचपली, दाते लागले, झालं. देठ धरून पाला ओरबाडला आणि वाटी भरली.

त्यांच्या बायकोनं, भामाबाईंनी गूळ, भिजवलेली डाळ, ओवा, हिंग घालून चटणी वाटली. मुलगा विकास कामासाठी पुण्याला गेलेला, त्यामुळे घरात चौघंच. मोठ्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन देवाचं नाव घेतलं. पल्लवी मात्र तीन गोळ्या खाऊन बसली, कारण आबांनीच पैज लावली होती. तोंड वाकडं न करता जो जास्त खाईल, त्याला त्यांचं पितळी भिंग मिळणार होतं.

भिंग मिळालं. साडेनऊला ती आपली पानांची वही घेऊन आली.

"आबा, बघा ना, ही आपली डहाळी मी कालच चिकटवली. पण पुस्तकातल्या निंबाला असं नाही. तिथं एकच देठ आहे, दोन्हीकडे पानं. इथं देठाला फाटे फुटलेत, आणि फाट्यांना पानं. असं का?"

भगवंतरावांनी वहीवर बोट ठेवलं. मधला देठ लागला. तो सोडून बोट बाजूला सरकलं, तिथंही देठ लागला. पलीकडे आणखी एक.

बकाण निंब! पाखरानं टाकलेल्या बीचं झाड, जुन्या निंबाच्या सावलीत वाढलेलं. दिसायला निंबाचा सख्खा भाऊ, आणि पोटात गेला तर विष. वर्गात हे दोघं शेजारी ठेवून त्यांनी किती पोरांना फसवलं असेल!

"आबा, सांगा ना. असं का?"

"नंतर," ते म्हणाले.

तेव्हाच बोलायचं होतं हो! चार पावलांवर स्वयंपाकघर, आत पोरीची आई चारुलता पुरणपोळ्या लाटत होती. पण हा माणूस उठला आणि अंगणात गेला. पुन्हा चाचपून बघितलं. फाटे होते. मग मनाची समजूत घालायला लागला. विष जास्त फळात असतं, पाल्यात तेवढं नसतं. गोळ्या लहान होत्या. पोरगी तर खेळतेय. आत्ता सांगितलं तर पहिला प्रश्न काय येईल? तुम्हाला दिसलं कसं नाही? मग डोळे, मग डॉक्टर, मग ते ऑपरेशन. बुंध्यावर बसून ते कान देऊन ऐकत राहिले. पल्लवी हसली की बरं वाटायचं. गप्प झाली की बुंध्यावरून अर्धवट उठायचे.

पावणेअकराला ती बराच वेळ गप्प झाली.

ते भिंतीला धरून आत आले तेव्हा ती पाटापाशी ओकत होती. हिरवं पाणी. भामाबाई पाठ चोळत म्हणाल्या, "गोड फार खाल्लं असेल."

"नाही," भगवंतराव म्हणाले. "तो कडुनिंब नव्हता. मी चुकलो. चारू, रिक्षा बोलाव. आधी रिक्षा बोलाव गं!"

चारुलतेनं हातातली पोळी तशीच टाकली. प्रश्न विचारायला वेळच नव्हता. रिक्षात पोरीची मान आईच्या खांद्यावर सारखी कलंडत होती. "झोपू नको, बेटा, झोपू नको," भगवंतराव म्हणत होते. ती एकदा "हौ आबा" म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. निघताना वहीतून ओढून घेतलेली डहाळी त्यांच्या मुठीत चुरगळत होती. माझे डोळे घे, दोन्ही घे, पण हिला उघडू दे, असं ते कुणाला तरी मनात विनवत होते.

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण पोरीच्या हाताला सलाईन लावता लावता दखनी हिंदीत म्हणाली, "अंकल, झाड कौनसा? पक्का बोलो. और कब मालूम पडा?"

झाडाचं नाव त्यांनी सांगितलं. डहाळी पुढे केली. राहिला दुसरा प्रश्न. खोटं सोपं होतं. आत्ताच कळलं, एवढं म्हटलं की झालं. पण पोरीचा पांढराफटक पाय चादरीबाहेर आलेला त्यांना धुक्यातूनही दिसला.

"आठ बजे खाया," ते म्हणाले. "साढेनौ को मालूम पडा."

चारुलतेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला दिसत नाही, चारू," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. भीतीपोटी बोललो नाही. आणि आजही भीतीपोटीच गप्प बसलो."

दुपारभर तिघं बाकावर बसून होती. डॉक्टरीण दर अर्ध्या तासानं येऊन पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारायची, नाडी बघायची आणि "अभी देखते" एवढंच म्हणायची. भामाबाईंच्या ओठांवर स्तोत्र होतं, पण ते पुढे सरकत नव्हतं. साडेपाचला पल्लवीनं नीट डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझं भिंग कुठाय?" भामाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. डॉक्टरीण हसली. धोका टळला, रात्रभर ठेवू, आता घोटभर पाणी द्या, असं तिनं सांगितलं.

भगवंतराव लगबगीनं उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरला आणि दोन्ही हातांनी सांभाळत खाटेपाशी आणला. पल्लवीनं हात पुढे केला.

मधेच चारुलतेनं तो पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. आत बघितलं, वास घेतला, आणि मग पोरीच्या ओठांना लावला.

भगवंतरावांचे हात पेला धरल्यासारखे तसेच राहिले.

"बरं केलंस," ते हळूच म्हणाले. "असंच बघत जा."