तेरावं नाव

गोरक्षनाथने पाठ फिरवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. खरं तर त्याला पाठ फिरवायची काही गरज नव्हती. बाराव्या वर्षी देवीत डोळे गेले ते गेलेच. पण नावं घेणाऱ्याने वाट्यांकडे बघायचं नाही ही रीत, आणि रीत आंधळ्यालाही सुटत नाही.

"आज तेरा वाटे हायेत," मच्छिंद्र म्हणाला.

"बाराच की रोजचे. नवं कोन आलं?"

"तूच. मुकादमानं हजेरीपटावर तुजं नाव घातलंय. कितवं घ्यायचं ते तू बघ."



बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. मच्छिंद्र टोळीचा म्होरक्या. खणायच्या जमिनीचे तो रोज वाटे पाडी. कुठे मऊ माती, कुठे मुरूम. भांडण नको म्हणून कोणता कुणाचा ते गोरक्षनाथ सांगे. जत्रेतल्या बोकडाचे वाटेही गावात त्यानेच सांगायचे. आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

मान मोठा, पण नावं संपली की हा गडी लिंबाखाली लोकांची पोरं राखत बसे, आणि दुपारी विधवा भावजयीच्या, लंकाबाईच्या, भाकरीतली अर्धी खाई. पाणी शेंदून कमावलेले दंड नुसते मांडीवर पडून राहत. आठ दिवसांपूर्वी मन घट्ट करून त्याने मच्छिंद्रला विचारलं होतं, "मला बी एक वाटा दे. मी खनतो, वैनी माती वाहील." मच्छिंद्र "बघू" म्हणाला होता. मोठ्या माणसांच्या 'बघू'चा अर्थ गोरक्षनाथला चांगला ठाऊक होता. निदान तसं तो समजत होता.

मच्छिंद्रने पहिल्या वाट्यावर काठी टेकली. "ह्यो कुनाचा?"

"राधाकृष्णाचा."

"आन ह्यो?"

"बन्सीचा."

स्वतःचं नाव जिभेवर येई आणि मागे फिरे. पहिल्यांदा घ्यावं तर हावरट दिसतो, शेवटी ठेवावं तर उगाच बिचारा. सातव्यांदा काठी टेकली तेव्हा तो म्हणाला, "माजा."

"ऐकू न्हाई आलं," बन्सी ओरडला. "रोज तर लई बोंबलतोस!"

"गोरक्षनाथचा!"

सगळी टोळी हसली. तोही हसला.

लंकाबाईने त्याला हाताला धरून वाट्यापाशी नेलं. पाऊल टाकणार तोच नडगीला सुतळी लागली. वाकून चाचपलं. चार खुंट्या, भोवती ताणून बांधलेली सुतळी. रोज वाटे आखायचे ते चुन्याच्या फक्कीने, आणि फक्की हाताला कशी कळणार? सुतळीच्या आत तो बिनघोर कुदळ चालवू शकला असता. ना हद्द सुटली असती, ना कुणाच्या पायावर घाव बसला असता.

त्याचा चेहरा उतरला.

"मच्छिंद्रा, ह्यो वाटा माज्यासाटी आदीच राखून ठिवला व्हय? मऊसूत बघून? मंग नावं कशापायी घेतली? असली भीक नगं मला."

लंकाबाई मध्येच बोलली.

"भावजी, शेजारचा बघा की."

गोरक्षनाथने हात लांबवला. तिथेही सुतळी. त्याच्या पलीकडे, सुतळी. तो बोटं सरकवत पुढे पुढे गेला, आणि प्रत्येक ठिकाणी सुतळी लागत गेली.

"तुला कंचा येईल ते कुनाला ठावं?" मच्छिंद्र म्हणाला. "म्हनून समद्यांलाच बांदली. आठ दीस घायपाताची सुतळी वळतोय आमी."

गोरक्षनाथ आपल्या वाट्यात परत आला. एवढ्या माणसांनी आपल्यासाठी बोटं सोलून घेतली, आणि आपण त्यांना भीक म्हणालो. उपकार मानावे तर कुणाकुणाचे? त्याने कुदळ उचलली आणि घाव घातला.

ठण्णकन आवाज आला.

"अगं बया, निव्वळ मुरूम," लंकाबाई हळहळली. "बदलून मागू का?"

"खुळी का काय वैनी," डोळे पुसत गोरक्षनाथ म्हणाला. "माजा हाय त्यो. पाटी घे."