बोरन्हाणातले दाणे

रेश्माने वर्षभर एकच गोष्ट मनापासून जपली होती, धाकट्या जावेवरचा, नलिनीवरचा राग. गेल्या संक्रांतीला उरवडे गावातल्या घरी तिच्या अकरा महिन्यांच्या साहिलचं बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, हलवा यांत शेंगा घालायच्या, तर नलिनीने सोललेले भाजके दाणे मिसळले. शेंगा फोडायचा खटाटोप कशाला, म्हणे! साहिलने एक दाणा तोंडात टाकला आणि तो श्वासनलिकेत अडकला. पुण्याच्या दवाखान्यात दुर्बिणीने तो काढेपर्यंत रेश्मा अर्धी झाली होती.

आणि घरी आल्यावर नलिनी चारचौघींत काय म्हणाली? "दाण्याला कशाला बोल लावायचा, आईचंच ध्यान न्हवतं."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ते रेश्माच्या काळजात रुतलं. तेव्हापासून तिने साहिलच्या जिभेला दाण्याचं कूटही लागू दिलं नाही, आणि नलिनीची वेळ कधी येते याची ती वाट पाहू लागली.

यंदा ती आली. नलिनीची नऊ महिन्यांची सृष्टी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली होती. रेश्माने ताटात डोकावलं. पुन्हा सोललेले दाणे! नलिनीने चूक मानलीच नव्हती, मग ती सुधारणार कशी? रेश्माने ओठ घट्ट मिटले. होऊ दे हिची पोर कासावीस, मग बायका हिलाही विचारतील, ध्यान कुठं होतं म्हणून.

वाचकहो, सूड माणसाला कोणत्या थराला नेतो पाहा. पोटच्या पोराचा कोंडलेला श्वास जिने पाहिला, तीच बाई गप्प उभी होती!

सृष्टीच्या डोक्यावरून खाऊ ओतला गेला. तिने चिमटीत एक दाणा धरून तोंडाकडे नेला. तिच्या ओठाला तो टेकला आणि रेश्माला साहिलचे निळे पडलेले ओठ दिसले. झेप घेऊन तिने पोरीचं मनगट धरलं, दाणा काढून घेतला आणि मुठीत आवळून धरला.

"मी आल्या आल्या दाणे बगितले व्हते," ती म्हणाली. "मुद्दाम गप बसले."

नलिनीने लेकीला छातीशी धरलं. मग ती पुटपुटली, "गेल्या साली चूक माझीच व्हती, ताई." हेच ऐकायला रेश्मा वर्षभर आसुसली होती. पण मूठ उघडून आतला दाणा पाहिला, तर तिला स्वतःचीच लाज वाटली.

नलिनी तर घरातले सगळे दाणे उकिरड्यावर टाकायला निघाली. तिला अंगणवाडीच्या सगुणाबाईंनी अडवलं.

"दाण्यावर कशाला सूड उगवताय?" त्या म्हणाल्या. "अख्खा दाणा पाच वर्सांपातुर द्यायचा न्हाई. पन सहा म्हैन्यांनी वरचं खाणं सुरू झालं, की दाणे गुळगुळीत वाटून पेजंत पातळ करून द्यावं, आदी चमचाभरच. लवकर सवय लागली, तर पुढं दाणा बाधायची, म्हंजी ॲलर्जीची, भीती कमी ऱ्हाते. अंगावर लई इसब आसंल, न्हाईतर अंडं बाधत आसंल, तर आदी डॉक्टरांना इचारायचं."

वर्षभर दाणा न चाखलेल्या साहिलसाठीही डॉक्टरांना विचारायचं रेश्माने कबूल केलं. मग दोघी जावा सतरंजीवर गुडघे टेकून एकेक दाणा वेचू लागल्या.

अख्खा दाणा लेकरापासून दूर ठेवा, वाटलेला वेळेवर द्या. आणि धोका दिसला, तर तो वैऱ्याच्या लेकरासाठीसुद्धा ओरडून सांगा. लेकरांना आपली भांडणं ठाऊक नसतात.